मुरमावरची हरळी

आमच्या माळावर चोराला यायची सोय नाही. कुणीही चाललं तरी पायाखालचा मुरूम बोलतो, आणि घरात बसल्या बसल्या कळतं कोण आलं. हनुमान आप्पांची चाल आधी कर्र वाजते, मग सर्र, कारण त्यांचा डावा पाय जरा ओढत येतो. शेजारच्या छबुबाईची चाल म्हणजे आधी शेळ्यांच्या खुरांची टपटप आणि मागून तिच्या शिव्या. आम्ही इथं नवे आलो तेव्हा या आवाजानं झोप लागत नव्हती. आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं.

आमची जुनी वस्ती खाली होती, ओढ्याच्या काठाला, काळ्या रानात. धारूरहून केजला उतरताना वळणावर एक साठवण तलाव दिसतो, त्याच्या पोटात ती आहे. तलाव झाला, वस्ती उठली, आणि वर माळावर आम्हाला प्लॉट मिळाले. तक्रार म्हणून सांगत नाही. घरं पक्की झाली, वीज आली, केजची जीप दाराशी येऊन हॉर्न वाजवते. पण जमीन म्हणाल तर नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते. तुळस लावायची तरी तेलाच्या डब्यात लावावी लागते.

आप्पांची बायको भिवराबाई. तिला हा माळ कधी आवडलाच नाही. खाली तिचं काळ्या मातीचं अंगण होतं, कडेला लिंब होता. ती ते सारवायची तेव्हा पाय टाकायला जीव धजायचा नाही. आणि खुरपणीला तिचा हात धरेल अशी बाई आमच्या भागात नव्हती. तिनं खुरपलेल्या पातीत मागं वळून बघायची गरज नसायची. सगळ्या तणांत तिचं वैर एकाच तणाशी, हरळीशी. ज्यांनी शेत केलंय त्यांना हरळी काय चीज आहे ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. वरून कापली तर खालून येते, खालून खणली तर बांधावरून येते. हातभर दोरी ओढून काढावी आणि एक पेर मातीत राहावं, की महिन्याभरात त्याच जागी पुन्हा हिरवी रांगोळी. भिवराबाई उपटलेली हरळी बांधावरसुद्धा टाकत नसे. उन्हात वाळवायची, मग जाळायची, आणि राखेकडेही संशयानं बघायची.

माळावरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती पडली. सकाळी पाण्याची घागर घेऊन येत होती, पायाखालचे खडे घरंगळले आणि ती डाव्या हातावर आली. मनगट मोडलं. आप्पांनी तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालायला वेळ होता म्हणून दोघं बाहेरच्या आवारात बसले. तिथं गवताचा एक हिरवा तुकडा राखलेला होता. भिवराबाईनं चपला काढल्या, दुखरा हात छातीशी धरला आणि त्यावर हळूहळू एक चक्कर मारली.

"लई मऊ हाय हो," ती म्हणाली. "हितं पडलं तरी लागायचं न्हाई."

आप्पांनी ते ऐकलं आणि तिथं पाणी घालणाऱ्या माळ्याला विचारलं, "दादा, कोनती जात म्हणायची ही?"

"हरळीच की. बारीक पानाची. बी टाकून उगवलीय."

आप्पा म्हणतात, देवळात आपल्याच वैऱ्याला गंध लावून बसवलेलं बघावं तसं त्यांना वाटलं. पण बायकोला ते काही बोलले नाहीत. ती चालत होती, चालू दिलं.

प्लास्टर उतरेपर्यंत लेकीकडं राहावं म्हणून भिवराबाई केजला गेली. लेक शिवकन्या, जावई युवराज, दोघं मायाळू. प्लास्टर उतरलं, पण डावी मूठ काही मिटेना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो नातवंडांनीच खेळून हरवला. आप्पा न्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, "तुमी या हिकडं पायजे तर. त्या खड्यावर मी परत पाय ठेवनार न्हाई."

"घर हाय आपलं तिथं."

"घर तळ्यात हाय आपलं. तिथं नुसता माळ हाय."

आप्पा परत आले. पुढचे महिने घरात ते एकटेच. भाकरी छबुबाई द्यायची, कालवण ते स्वतः करायचे, आणि ते कालवण छबुबाईची शेळीही खात नसे, असं छबुबाईच सांगायची. संध्याकाळी ते दारात बसून समोरच्या मुरमाकडं बघत राहायचे. आम्हाला वाटायचं म्हातारा खचला. तसं नव्हतं. म्हातारा मापं घेत होता.

उन्हाळ्यात तलाव आटत गेला आणि वस्तीच्या जागा उघड्या पडल्या. कुठं चौथऱ्याचे दगड, कुठं रांजणाचा खड्डा. आप्पा सायकल घेऊन खाली उतरले. लिंबाचं वाळलेलं खोड ओळखीचं होतं. तिथून मोजत मोजत ते आपल्या अंगणात जाऊन उभे राहिले. वर गाळाची साय आली होती. ती बाजूला करून त्यांनी खालची काळी माती पोत्यात भरली, पोतं सायकलीच्या दांडीवर घातलं आणि चढ चढून वर आणलं. एका खेपेला एकच पोतं. सगळा उन्हाळा आम्ही तो आवाज ऐकला: कर्र, सर्र, आणि मध्ये चाकाची किरकिर.

दारापुढचा मुरूम त्यांनी वीतभर खणून काढला होता. पोत्यातली माती चाळणीनं चाळून ते तिथं पसरवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अंगण करायलो." त्यात खोटं काही नव्हतं.

बियाचं काम नबीकडं होतं. नबीचा केजच्या स्टँडजवळ फळांचा गाडा. आप्पांची सीताफळं वर्षानुवर्षं त्याच्याच गाड्यावर विकली गेली, तेव्हापासूनचा दोस्ताना. तो माल आणायला लातूरला जातो, तिथल्या रोपवाटिकेत बी मिळतं हे त्याला ठाऊक होतं.

"आप्पा, लोकं माझ्याकडं हरळी मारायचं औषध इचारतेत," नबी म्हणाला. "आन तुमी हरळीचं बी मागायलाव. उन्हात फिरलाव का लई?"

"आणतो का न्हाई ते सांग."

"आणतो ना. पण नबीनं आणलं म्हणून बोलू नका कुठं. शेतकरी झोडपतेल मला."

"आन शिवकन्याला तर मुळीच सांगू नको. तिला कळलं की मायला कळलं."

"म्हंजी भाभीसाठी चाललंय व्हय हे," नबी म्हणाला. त्यानंतर त्यानं चेष्टा केली नाही.

बी आलं. बारीक, राजगिऱ्याहून बारीक. आणि आप्पांनी पहिली पेरणी केली ती जन्मभर जशी केली तशीच. बोटानं सरळ तासं ओढली, ज्वारीसारखं बी खोल टाकलं, वरून माती लोटली, पायानं दाबली. रोज पाणी घातलं. एक कोंब वर आला नाही. ते सकाळी सकाळी जमिनीला डोळा लावून बघायचे. शेवटी त्यांनी उकरून पाहिलं, बी तळाशी कुजून गेलं होतं.

छबुबाई शेजारच्या दारातून म्हणाली, "आप्पा, रानात नको म्हणताना येती. तुमी लावली म्हणून रुसली."

नबी पुन्हा लातूरला गेला आणि या वेळी रोपवाटिकेतल्या माणसाला नीट विचारून आला. बी वाळूत मिसळायचं, मीठ भुरभुरावं तसं वरच्यावर टाकायचं, नखाएवढी माती, फळीनं दाबायचं, आणि उगवेपर्यंत ओल जाऊ द्यायची नाही. आप्पांनी तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून झारी केली. ऊन लागू नये म्हणून ट्रंकेतून भिवराबाईची जुनी सुती लुगडी काढली आणि सगळ्या अंगणावर अंथरली. शेळ्या शिरू नयेत म्हणून कडेनं बोराट्यांचं, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांचं, कुंपण घातलं.

"आवं, अंगणाला लुगडं नेसवलं का काय?" छबुबाई.

"ऊन लागतंय त्याला."

"मग चोळी बी शिवा एक."

"तुझ्या शेळ्या बांध आधी."

आणि एका सकाळी लुगड्याचं टोक उचललं तर खाली मातीवर हिरवं काहीतरी होतं. कोंब म्हणावा तर इतका बारीक की सरळ बघितलं तर दिसत नाही, आडवं वाकून बघितलं तर सगळी जमीन हिरवट. आप्पांनी मला हाक मारली. मी गेलो, वाकलो.   सत्तरीच्या शेतकऱ्याच्या अंगणात हरळी उगवली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे दुसऱ्या कुठल्या गावात सांगितलं तर हसतील.

श्रावणभर हरळी पसरत गेली. दोऱ्या सुटल्या, दोऱ्यांना पेरं आली, पेरांना मुळ्या. नबीनं सांगितलं होतं, घट्ट धरेपर्यंत कापायची नाही, म्हणून आप्पांनी विळा लावला नाही. त्यामुळं तिचा दवाखान्यातल्यासारखा गालिचा दिसत नव्हता. घोट्याएवढी, कुठं झुबका, कुठं लोळण. सरळ सांगायचं तर टाकून दिलेल्या रानासारखी दिसत होती.

तोवर भादवा आला आणि लक्ष्म्या जवळ आल्या. आमच्याकडं महालक्ष्म्यांचं असं आहे की ज्या घरच्या त्या घरीच बसतात. माय लेकीकडं वर्षभर राहील, पण मायच्या लक्ष्म्या लेकीच्या घरी बसत नाहीत. मुखवटे आप्पांच्या ट्रंकेत होते. म्हणजे भिवराबाईला यावंच लागणार होतं. तिनं तसा निरोपही दिला होता: सणापुरती येईन, लक्ष्म्या बोळवल्या की त्याच दिवशी परत. आप्पांनी याच दिवसांवर डोळा ठेवला होता. आपण स्वतः केजला जायचं, तिला घेऊन यायचं, कुंपणाशी चपला काढायला लावायच्या आणि म्हणायचं, चाल. इतकंच. त्यानंतरचं ती ठरवील.

लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून पहिल्या एसटीनं निघाले. शिवकन्याच्या दारात पोचले तर ती आश्चर्यानं बघत राहिली.

"आप्पा! तुमी हिकडं कावून? माय तर सकाळीच जीपनं गेली. घर झाडायचंय म्हणली, सारवायचंय म्हणली."

आप्पा ओट्यावर टेकले. लेकीनं चहा दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"खुरपं," ते म्हणाले.

"काय?"

"खिडकीच्या गजात खोवलंय. दाराजवळच. आत ठेवायचं ऱ्हायलं."

"मग ऱ्हाऊ द्या की. खुरपं कोन नेतंय?"

"नेत न्हाई गं कुनी!" आप्पा उभेच राहिले. "युवराज, गाडी काढ बाबा."

युवराजनं मोटारसायकल काढली. वाटेत म्हणाला, "मामा, फोन करा की घरी."

"घरचा फोन माझ्या खिशात हाय. छबुबाई रानात गेली आसंल. तू हाण."

इकडं काय झालं ते भिवराबाईनंच पुढं आम्हाला किती वेळा सांगितलं, म्हणून मला ठाऊक. जीप थांबली, ती उतरली, जपून जपून खड्यांवरून बोराटीपर्यंत आली आणि थबकली. घराला कुलूप, आणि उंबऱ्यापर्यंत हरळी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस एकटा राहिला म्हणून दारात हरळी वाढू देतो? जन्मभर दुसऱ्यांची रानं स्वच्छ केली, आणि आज आपल्याच दारात ही? उद्या लक्ष्म्या यायच्या. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत त्यांची पावलं काढायची, ती काय हरळीवर काढायची? लक्ष्मी मागच्या मागं फिरंल. रागाच्या भरात तिनं पिशवी टेकवली आणि इकडंतिकडं बघितलं. खिडकीच्या गजात खुरपं होतं.

ती बसली आणि सुरू झाली. बोराटीपासून उंबऱ्यापर्यंत, दोन माणसं जातील एवढा पट्टा. उजव्या हातानं खुरपं घालायचं, डाव्या हातानं झुबका धरून ओढायचा. हरळीची दोरी निघायची ती खालच्या मुळीसकट. ती बोलत होती, आप्पांना, माळाला, हरळीला, आणि हात चालत होता. पट्टा उंबऱ्यापाशी पोचत आला तेव्हा खुरप्याच्या टोकाला काहीतरी निळं चमकलं.

तिनं उचललं, पदरानं पुसलं. मणी होता. वासराच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसला निळा मणी. खाली असताना तिच्या दावणीची वासरं दोरे तोडायची आणि असे मणी अंगणभर सांडायचे, सारवताना बोटाला लागायचे. पण या माळावर वासरू कधी बांधलंच नव्हतं.

मग तिनं माती बघितली. हातात घेतली, चुरडली. मुरूम नव्हता. काळी, मऊ, जरा चिकट. नाकाशी नेली. भिंतीला चाळणी टेकवलेली होती. बोराटीवर तिचीच लुगडी वाळत घातलेली होती, मातीचे डाग पडलेली. हरळी तरी कशी, सगळीकडं सारखी, एकही जागा रिकामी नाही. आपोआप आलेलं तण असं सारखं येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. ती खुरपं मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

मोटारसायकल थांबल्याचं तिनं ऐकलं. पाठीमागं कर्र, सर्र. कर्र, सर्र. बोराटीपर्यंत आलं आणि आवाज बंद झाला. तिला वाटलं, थांबले. वळून बघितलं तर आप्पा अगदी मागं उभे होते. हरळीवर पाय वाजत नाहीत.

ते पट्ट्याकडं बघत होते. उपटलेल्या ढिगाकडं बघत होते. युवराज बोराटीपलीकडं गाडीवर बसून राहिला. शहाणा पोरगा.

"आवं," भिवराबाई म्हणाली, "ही माती कुठली?"

"खालची."

"खालची म्हंजी?"

"आपल्या अंगणातली. लिंबाजवळची."

तिनं उजवी मूठ उघडून मणी दाखवला.

"चाळून घेतलती मी," आप्पा म्हणाले.

"चाळणीची भोकं मोठी हायेत." मग ती म्हणाली, "आन ही हरळी?"

"लावलीय."

"लावलीय?"

"बी आणून. नबीनं आणलं. पयली येळ उगवलीच न्हाई."

भिवराबाईच्या तोंडावर पदर गेला. आप्पांना वाटलं रडतेय. ती हसत होती. खांदे हलेपर्यंत हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "हरळी उगवली न्हाई म्हनं! जल्मभर मी उपटली आन तुमी इकत आणून पेरली! लोकं काय म्हणतेल?"

"म्हणले. म्हणून झालं त्येंचं."

"कावून पण?"

"दवाखान्यात तूच म्हणलती. हितं पडलं तरी लागायचं न्हाई."

तिनं खुरपं बाजूला सरकवलं. "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं आसतं तर आली आसतीस?"

"न्हाई."

"मग."

तिनं ढिगाकडं बघितलं. अंगण मधोमध चिरलेलं. "वाटूळं केलं मी," ती हळू म्हणाली. "परत लागंल का हो?"

"हरळीचं तू मला इचारती?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि ती पुन्हा हसली. ढीग तिनं स्वतःच उचलला, पोत्यात घातला, पोतं भिजवलं आणि सावलीला ठेवलं. उठताना डाव्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. मूठ मिटलेली होती, आणि मुठीत हरळीची एक दोरी तशीच होती. लेकीकडं रबरी चेंडूनं जे झालं नाही ते रागानं झालं, असं ती सांगते.

पट्टा तसाच ठेवला. त्यावर तिनं शेणाचा सडा घातला, सारवलं, आणि रांगोळीची पावलं बोराटीपासून उंबऱ्यापर्यंत काढली. दोन्ही बाजूला हिरवी हरळी आणि मधून पांढरी पावलं. आमच्या माळावर इतकी देखणी वाट कुठल्या लक्ष्मीला मिळाली नसेल. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी खाऊन बायका हरळीवर बसल्या त्या उठेनात. छबुबाई तर आडवीच झाली आणि म्हणाली, "आप्पा, माझ्या बी दारात पेरा की," आणि तिची शेळी तेवढ्यात बोराटीतून तोंड घालत होती.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या बोळवल्या. मुखवटे पुसून ट्रंकेत गेले. भिवराबाईची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. आप्पा त्या पिशवीकडं बघत नव्हते. ते झारीत पाणी भरत होते.

संध्याकाळची जीप आली आणि हॉर्न वाजला. भिवराबाई पट्ट्यात बसली होती. पुढ्यात ओलं पोतं. एकेक दोरी घेऊन, पेर बघून ती मातीत खोवत होती, डाव्या अंगठ्यानं दाबत होती.

"भिवरामावशी, केजला येताव ना?" ड्रायव्हरनं ओरडून विचारलं.

"तू जा बाबा. माझं हे लावायचं ऱ्हायलंय."

"काय लावायलाव?"

"हरळी."

ड्रायव्हर खिडकीतून बघतच राहिला. मग हसत, मान हलवत निघून गेला. आप्पांनी झारी तिच्या हातामागून धरली, ती पुढं सरकेल तसे तेही सरकले.  अंधार पडायच्या आत पट्टा पुरा झाला, आणि ती पिशवी आप्पांनी उचलून आत नेली.

आता त्या घरातून कोण बाहेर पडलं ते आम्हाला लगेच कळत नाही. बोराटीपाशी आल्यावर मग मुरूम बोलतो. कधी एकट्याची कर्र, सर्र ऐकू येते, पण बहुतेक वेळा तिच्याबरोबर दुसरी चालही असते, जपून टाकलेली.